नदीपलीकडचा गड

नागपूरहून अमरावतीकडे जाताना तळेगाव मागे पडलं की वर्धा नदीचा पूल येतो. गाडी अर्ध्या मिनिटात पार होते. माझी सासुरवाडी परतवाड्याची. लग्नाला बावीस वर्षं झाली, तरी सासूबाईंच्या लेखी मी अजून 'नदीपलीकडचा जावई'. भाजीत तिखट जास्त पडलं की त्या पानाकडे न बघताच म्हणतात, "चालतं तुम्हाला, तुम्ही पलीकडचे." हा भेद फार जुना असेल, पण त्याला कागदावर रेघ मिळाली ती 17 डिसेंबर 1803 रोजी. देवगावच्या तहात नागपूरकर भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि तो निजामाच्या वाट्याला गेला. सासूबाईंना तहाशी काही देणंघेणं नाही. पण रेघ त्यांना नेमकी ठाऊक आहे.

या डिसेंबरात परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला गेलो आणि गाविलगड पाहिला. याआधी चार वेळा वरती जाऊन रबडी खाऊन परत आलो होतो, हे कबूल केलेलं बरं.

गड बांधला तोच सरहद्दीसाठी. बहमनी सुलतान अहमदशहा वली 1425 च्या सुमारास अचलपुरात तळ ठोकून होता. सातपुड्याच्या पलीकडे माळव्याचं राज्य. डोंगरातल्या वाटा रोखायच्या तर डोंगरावरच बसायला हवं, म्हणून त्यानं इथे तट चढवले. तीन बाजूंना तुटलेले कडे आहेत, तिकडे कुणी काही करण्याची गरज नव्हती. सगळी धास्ती उत्तरेची. तिकडून डोंगराची एक सोंड गडाला येऊन टेकते, म्हणून तिकडे तटापुढे तट. त्या बाजूला उभं राहिलं की बांधणाऱ्याची भीती दगडात मोजता येते.

आणि 1803 मध्ये वैरी आला तो त्याच बाजूनं. फक्त माळव्यातून आला नाही. इंग्रजांशी असईची लढाई झाली, अडगावची झाली, आणि भोसल्यांचं उरलेलं बळ या गडावर गोळा झालं. आर्थर वेलस्ली दक्षिणेच्या पायथ्याशी राहिला आणि कर्नल स्टीव्हन्सनच्या माणसांनी तोफा दोरखंड लावून डोंगरातून ओढत फिरवून उत्तरेला नेल्या. वाट नव्हती, ती करत करत. यात पाचेक दिवस गेले. मग तटाला खिंडार पडलं आणि 15 डिसेंबरला हल्ला झाला. बाहेरचा तट पडला, पण आतला दरवाजा उघडेना. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी मधली घळ ओलांडून शिड्या लावून आतल्या तटावर चढली, आणि दरवाजा आतून उघडला गेला. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला.

दोन तारखा पुन्हा एकदा वाचाव्यात. गड पडला 15 ला, तह झाला 17 ला. आणि त्या तहात वऱ्हाड गेलं, पण गाविलगड आणि नरनाळा भोसल्यांकडेच राहिले! म्हणजे ज्या दगडांसाठी माणसं मेली ते दोन दिवसांनी जसे होते तसे परत. सरहद्द मागे वर्धेवर गेली, आणि सरहद्दीचा हा पहारेकरी परक्या मुलखात एकटा उरला. पुढे 1822 मध्ये तोही निजामाकडे गेला. 1858 मध्ये तात्या टोपे इथे येऊन बसतील या धाकानं इंग्रजांनी गड निकामी केला. शाळेत हे सगळं आम्ही एका दमात म्हणून टाकलं होतं: असई, अडगाव, गाविलगड, देवगाव. मार्क पूर्ण.

पण मी रेंगाळलो तो एका दरवाजापाशी. कमानीच्या वर कोरलेला दोन तोंडांचा पक्षी आहे, त्याच्या चोचींत हत्ती. गंडभेरुंड. हे विजयनगरचं चिन्ह. तुंगभद्रेकाठचा पक्षी सातपुड्यात कसा? बहमनींचा वऱ्हाडचा सुभेदार फतहुल्ला इमादउल्मुल्क, ज्यानं 1488 च्या सुमारास गडाची डागडुजी केली आणि 1490 मध्ये स्वतःची इमादशाही उभी केली, तो मूळचा विजयनगरच्या ब्राह्मणाचा मुलगा. लढाईत लहानपणी पकडला गेला आणि वऱ्हाडात मुसलमान म्हणून वाढला, असं इतिहासकार फिरिश्ता लिहितो. नाव गेलं, धर्म गेला, आईबापांची भाषा बहुधा गेली. राज्याच्या अगदी उत्तरेच्या टोकाला, शत्रूच्या वाटेवर दरवाजा उभा राहिला, तेव्हा त्यावर हा पक्षी आला. त्यानं सांगून कोरवून घेतला, की कुणा कारागिराच्या हातचा, हे दगड सांगत नाही. दोन तोंडांचा अर्थ लावायचा मोह मलाही झाला. पण आवरला, पक्षी आधीपासूनच दोन तोंडांचा आहे, फतहुल्लासाठी काही त्याला दुसरं तोंड फुटलं नाही. ऊन तिरपं होऊन एका हत्तीच्या सोंडेवर आलं होतं. सोंडेचं टोक झिजून गेलंय, बाकी हत्ती शाबूत.

गडाच्या नावात मात्र यांतला कुणीच नाही. बहमनी, इमादशहा, निजामशहा, मोगल, भोसले, सगळे येऊन गेले, नाव गवळ्यांचं राहिलं. ते गवळी अजून मेळघाटात म्हशी राखून आहेत आणि चिखलदऱ्याच्या रस्त्यावर खवा विकतात. उतरताना एका टपरीवर थांबलो. गवळ्याचं लक्ष कढईत; कडेला लागलेला खवा तो उलथन्यानं सोडवत होता. अर्धा किलो मागितला तेव्हा त्यानं मान वर करून आधी गाडीच्या नंबराकडे पाहिलं. एमएच 31.

"नागपूरचे काय जी?"

"हो."

"लय दुरून आले बाप्पा," म्हणत त्यानं पुडा बांधून दिला.

घरी आल्यावर सासूबाईंनी पुडा हातावर तोलला आणि भाव विचारला. मी सांगितला.

"नंबर पाहिला असंल त्यानं," त्या म्हणाल्या, "पलीकडचा."