मौनाचे दायित्व

२३ नोव्हेंबर १९५६ रोजी तत्कालीन मद्रास राज्यात अरियलूरजवळ पुराच्या लोंढ्याने पूल खचला आणि आगगाडी नदीत कोसळली. दीडशेच्या आसपास प्रवासी प्राणांस मुकले. रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी महबूबनगरजवळच्या अपघातानंतरही त्यांनी तो देऊ केला होता. तेव्हा पंतप्रधान नेहरूंनी तो स्वीकारला नव्हता. या खेपेस स्वीकारला, परंतु संसदेत स्पष्ट केले की, दुर्घटनेत शास्त्रींचा दोष नाही. घटनात्मक औचित्याचा पायंडा पडावा म्हणून हा स्वीकार आहे.

दोष नाही, तर पद का सोडायचे? आमच्या मते याचे उत्तर दोष आणि दायित्व यांतील भेदात आहे. दोष कृतीला चिकटतो, दायित्व पदाला. मुलाने शेजाऱ्याची काच फोडली, तर भरपाई बाप देतो. काच त्याने फोडलेली नसते, पण घर त्याचे असते.

तथापि, येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्याच्या हाती निर्णयच नाही, त्याच्यावर दायित्व कसे यावे? राज्यघटनेच्या ७५ व्या कलमानुसार मंत्रिमंडळ लोकसभेस सामुदायिकरीत्या जबाबदार असते. पण मंत्र्यांची नेमणूक होते ती पंतप्रधानांच्या सल्ल्याने. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी ही योजना समजावून सांगितली होती. सामुदायिक जबाबदारी टिकवायची तर मंत्री नेमण्याचा व दूर करण्याचा अधिकार पंतप्रधानांच्याच हाती हवा, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे जबाबदारी सर्वांची, किल्ली मात्र एकाची.

ही किल्ली मंत्र्याच्या सदसद्विवेकालाही कुलूप घालू शकते काय? १९५६ सालीच अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी त्याचे उत्तर दिले. मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होताच जाहीर झाला, असा त्यांचा आक्षेप होता. नेहरूंना तो मान्य नव्हता. वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते: जो निर्णय पटला नाही, त्याचे ओझे आपल्या नावावर वाहण्यास देशमुखांनी नकार दिला आणि ते बाहेर पडले.

याउलट चित्र १९७५ चे. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या उद्घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक भरली २६ जूनच्या सकाळी. सही आधीच झालेली होती. मंत्र्यांनी झालेल्या गोष्टीला संमती दिली. त्या दिवशी एकानेही राजीनामा दिला नाही. पुढे लोकसभेत मंजुरीचा ठराव मांडणारे जगजीवनराम मंत्रिमंडळाबाहेर पडले ते फेब्रुवारी १९७७ मध्ये, निवडणुका जाहीर झाल्यानंतर. आम्हांला विचारलेच नाही, हे त्या मंत्र्यांचे म्हणणे खरे ठरेल; पण कळल्यानंतरचे मौन त्यांचे स्वतःचे होते.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने या अनुभवातून धडा घेतला. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळविल्याखेरीज राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करू नये, असे बंधन आले. बंधन इष्टच आहे. परंतु कागदावर सह्या करणारी माणसे भित्री असतील, तर लेखी निर्णयही एकाच माणसाचा राहील. पंतप्रधान मंत्र्याचे पद काढून घेऊ शकतात. ते आपणहून सोडण्याचे स्वातंत्र्य काढून घेऊ शकत नाहीत. दुबळ्यातल्या दुबळ्या मंत्र्यापाशी एवढी सत्ता शेवटपर्यंत उरते.

वाचकहो, दिल्ली दूर आहे, पण हा प्रश्न दूर नाही. आपल्यापैकी कोणी पतपेढीच्या संचालक मंडळावर असतात, कोणी ग्रामपंचायतीत, कोणी पॅरिश कौन्सिलवर. सभेच्या इतिवृत्तात 'सर्वानुमते' हा शब्द लिहिला जातो, तेव्हा त्यात आपलाही आवाज मोजलेला असतो. बाहेर आल्यावर 'अध्यक्षांनी ठरवले, आम्ही काय करणार?' असे म्हणून तो परत घेता येत नाही. पटत नसेल तर तसे सभेतच बोलावे, आपला विरोध नोंदवावयास सांगावा. आणि तेवढ्यानेही भागत नसेल, तर खुर्ची सोडावी. विचारले गेले नाही, हा आपल्यावरील अन्याय खरा. पण कळल्यावर गप्प बसलो, तर त्या निर्णयात आपलाही वाटा आहे.