कोणते संजय पाटील?

2009पासून लोकसभेत कायम एक संजय पाटील आहे. 2009 ते 2014 ईशान्य मुंबईचे संजय दिना पाटील. 2014 ते 2024 सांगलीचे संजयकाका पाटील. 2024ला सांगलीचे पडले, तर ईशान्य मुंबईचे पुन्हा निवडून आले. जणू ही जागा आमच्या नावाला राखीवच आहे. ‘आमच्या’ म्हणायचं कारण, मीही संजय पाटील. सांगली जिल्ह्यातलाच, पण काका नव्हे. भूगोलाचा निवृत्त मास्तर.

या दोघांना नुसतं ‘संजय पाटील’ कुणी म्हणत नाही. एकाला ‘काका’ लागतं, दुसऱ्याला वडिलांचं नाव. आम्हा सगळ्यांचंच असं आहे. माझ्या फोनमध्ये संजय पाटील मिरज, संजय पाटील ठिबक आणि संजय पाटील आचारी असे तिघे आहेत. लोकांच्या फोनमध्ये मी काय आहे, ते एकदा ट्रूकॉलरवर पाहिलं: ‘संजय पाटील सर भूगोल’. तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीचं सार एवढंच निघालं. तक्रार नाही, आचाऱ्यापेक्षा मला बोलावणी कमी येतात हे मात्र खरं.

पाटील हे मुळात आडनाव नव्हतंच, हुद्दा होता. गावोगाव वतनाची पाटीलकी चाले. 1962च्या कायद्याने महसुली पाटलांचं पिढीजात पद गेलं, पुढे पोलीस पाटील राहिला तो नेमणुकीचा. पद गेलं तरी आडनाव राहिलं. गाव तिथे पाटील असल्यामुळे मराठ्यांत पाटील, जैनांत पाटील, लिंगायतांत, आगऱ्यांत, कोळ्यांत, खानदेशातल्या लेवा समाजातही पाटील. आडनावावरून माणसाची जात, जिल्हा, घराणं काढू पाहणाऱ्यांची आमच्यापाशी पंचाईत होते. मला ती आवडते.

आमच्या गावात तर अर्धी वस्ती पाटलांची. तिथे ‘ओ पाटील’ अशी हाक मारली तर पार उठून उभा राहील. म्हणून कुणी वाड्यातले, कुणी मळ्यातले, कुणी विहिरीवरचे. आम्ही चिंचेचे पाटील. दारातली ती चिंच माझ्या जन्माआधीच वादळात पडली, मी तिचा बुंधाही पाहिलेला नाही. पण आजही गावात गेलो की म्हातारी माणसं विचारतात, “चिंचंचा संजू न्हवं का तू?” तिथे मला आधारकार्ड लागत नाही.

आणि संजय? थोरला चुलतभाऊ अजय, मधला विजय; तिसऱ्याचं दुसरं काय ठेवणार? घरोघरी तेच झालं असावं, कारण शाळेत आमच्या पिढीत संजय, सुनील, अनिल, राजेंद्र यांचीच भरती होती. मतदार यादीतला वयाचा रकाना झाकला तरी नावावरून वय सांगता येतं. द्वारका आणि गंगू एका पिढीच्या, कुसुम आणि सुमन पुढच्या, सुनीता आणि संगीता माझ्या बरोबरीच्या.

नाव सर्रास होतं ते नुसत्या फॅशनमुळे, हे मला पटत नाही. पुष्कळ घरांची इच्छा एकाच वेळी एकच असते, तेव्हा नाव सर्रास होतं. मुलं जगत नसत तेव्हा नजर लागू नये म्हणून दगडू आणि धोंडू ठेवले जात, आणि ते गावोगाव असत. नकुसा हे नावही एका घरापुरतं नव्हतं. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींची नावं समारंभाने बदलावी लागली. मुलगी नको, ही इच्छा किती दारांत होती याची ती हजेरीच म्हणायची.

आजची इच्छा ‘वेगळं’ नावाची. माझ्या पुतणीने बाळासाठी महिनाभर फोनवर नावं धुंडाळली. अट एकच, कुणाचंच नसलेलं हवं. पण ही अटच सगळ्या घरांत असल्यामुळे सगळे त्याच याद्या वाचतात, आणि बालवाडीत तीन आरव, दोन विहान जमतात. आमच्या आईबापांनी निदान वेगळेपणाचा दावा तरी केला नव्हता.

सर्रास नावाचा त्रास असतो, नाही कशाला म्हणू? घरदुरुस्तीच्या कर्जासाठी मी एका बँकेत गेलो होतो. साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझ्या नावावर ट्रॅक्टरचं थकलेलं कर्ज होतं. मी म्हटलं, साहेब, माझी स्कूटरसुद्धा जिन्याखाली उभी असते, ट्रॅक्टर कुठे ठेवू? ते म्हणाले, “पण मधलं नावही जुळतंय, सर.” खरंच जुळत होतं, तोही संजय दत्तात्रय. पॅनच्या दहा अक्षरांत पाचवं अक्षर आडनावाचं असतं, तिथेही दोघांचा ‘पी’. बाकीची अक्षरं आणि जन्मतारीख ताडून पाहायला त्यांना दोन महिने लागले. त्या दुसऱ्या दत्तात्रयपुत्राने हप्ते का थकवले असतील, हा विचार मी त्या काळात बराच केला. त्या वर्षी द्राक्षांचं काय झालं होतं हे आठवल्यावर मला त्याचा रागही येईना.

राजकारणात तर हा मुद्दाम खेळायचा डाव झाला आहे. 2014 साली रायगडमधून सुनील तटकरे अनंत गीते यांच्याकडून 2,110 मतांनी हरले. त्याच निवडणुकीत सुनील तटकरे नावाचे एक अपक्षही उभे होते आणि त्यांना नऊ हजारांवर मतं पडली होती. 1 मे 2015पासून मतदान यंत्रावर उमेदवाराचा फोटो आला, तो नावाच्या अशाच घोळांमुळे. लेखकांनी सभ्यपणे आपला तोडगा आधीच काढला होता. नुसतं कुलकर्णी म्हटलं तर कोण समजायचं? म्हणून जी. ए., गो. म., व. दि., द. भि. पुढे आडनावही गळून नुसते जीए आणि दभि उरले.

उलट बाजू माझ्या मावसभावाची. त्याच्या वडिलांनी संस्कृत कोश उघडून असं नाव काढलं की महाराष्ट्रात दुसरा सापडणार नाही. ते मी इथे लिहिलं तर वाचणाऱ्याला तो पाच मिनिटांत सापडेल, म्हणून लिहीत नाही. माझं मात्र खुशाल छापतो आहे. पोरवयात पेपरात आलेलं एक किरकोळ भांडण त्याला आजही चिकटून आहे. सोयरीक जमवताना पुढच्यांनी नाव टाकलं की पहिलं तेच वर येतं. माझ्या नावाने शोध घेतला तर दोन खासदार, डॉक्टर, पैलवान, कंत्राटदार, एखाददुसरा आरोपी, सगळे येतात. त्यांच्या मागे मी आरामात बसलेला असतो. या वयात ही सोय मला वेगळेपणापेक्षा मोलाची वाटते.

पुतणीच्या बाळाचा दाखला परवा पाहिला. 1 मे 2024नंतर जन्मलेल्यांच्या कागदांवर आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव. नियम मला एकदम पसंत आहे, फार आधी यायला हवा होता. पुतणी म्हणाली, “काका, तुमच्या वेळी हे असतं तर ते ट्रॅक्टरचं लफडं झालंच नसतं.” मी मनात म्हणून पाहिलं: संजय सुशीला दत्तात्रय पाटील. पण त्या पिढीत सुशीलाही काही कमी नव्हत्या. एकट्या आमच्या आळीत चार होत्या, आणि त्यातल्या दोघींचे नवरे दत्तात्रय.