मापात पाप

५ सप्टेंबर १९८९ ची रात्र. अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश, म्हणजे थोरले बुश, ओव्हल ऑफिसातून टीव्हीवर देशाशी बोलत होते. बोलता बोलता त्यांनी प्लास्टिकची एक पिशवी उचलून कॅमेऱ्यासमोर धरली. आत पांढरट खडे होते. हे क्रॅक कोकेन आहे, आणि ते व्हाइट हाउससमोरच्या बागेत पकडलेलं आहे, असं त्यांनी सांगितलं. राजवाड्याच्या दारापर्यंत विष येऊन पोचलंय, हा त्याचा अर्थ देशाला न सांगताही कळला.

तीन आठवड्यांच्या आत वॉशिंग्टन पोस्टनं पिशवीची खरी हकीकत छापली. त्या बागेत क्रॅकचा धंदा चालतच नव्हता. भाषणाला असं एक दृश्य हवं होतं, म्हणून अंमली पदार्थविरोधी खात्याच्या माणसांनी शहराच्या दुसऱ्या भागातल्या एका अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय शाळकरी पोराला माल घेऊन तिथं बोलावलं. व्हाइट हाउस नेमकं कुठं आहे, हेच त्याला आधी विचारावं लागलं होतं. या पोराकडे मी शेवटी परत येणार आहे.

बुश यांच्याबद्दलची आणखी एक गोष्ट त्या रात्री फारशा कुणाला आठवली नसावी. १९७० साली ते टेक्सासमधून निवडून आलेले तरुण खासदार होते. त्या वर्षी अमेरिकी संसदेनं अंमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठीच्या सक्तीच्या किमान शिक्षा जवळजवळ सगळ्याच रद्द केल्या, आणि बुश यांनी त्याला पाठिंबा दिला होता. या शिक्षांना देशाच्या न्यायाधीशांचाच विरोध आहे, हा तेव्हाचा त्यांचा एक मुद्दा होता. म्हणजे जी कल्पना चालत नाही म्हणून त्यांनी मोडीत काढली होती, तीच १९८९ मध्ये देशाचा कायदा होती आणि तिचा सर्वांत मोठा प्रचारक तेच होते. एक कल्पना १९७० मध्ये मरते आणि सोळा वर्षांत, १९८६ मध्ये, अधिक धट्टीकट्टी होऊन परत येते, ती कशी?

तिचा पहिला जन्म १९५१ चा. खासदार हेल बॉग्ज यांच्या नावाच्या कायद्यानं पहिल्या गुन्ह्याला किमान दोन, दुसऱ्याला पाच आणि तिसऱ्याला दहा वर्षं ठरवून टाकली. १९५६ मध्ये ती आणखी कडक झाली. नशा काही कमी झाली नाही, म्हणून १९७० चा शहाणपणा आला. पण या कायद्यांच्याही मागं एक जुनी सवय होती. पदार्थ तोच, पण तो कोण घेतो त्याप्रमाणे त्याचं रूप निवडून गुन्हा ठरवायचा. १८७५ साली सॅन फ्रान्सिस्कोनं अफूचे अड्डे बंद केले, ते चिनी मजुरांचे होते. १९०९ च्या कायद्यानं अफूची आयात बंद केली ती फक्त ओढण्याच्या अफूची. गोऱ्या घरांतल्या औषधाच्या बाटलीतली अफू चालू राहिली. कायद्यात 'चिनी' हा शब्द घालावा लागला नाही. चिलीम म्हटलं की पुरत होतं.

आता १९७३ कडे येऊ, कारण त्या एका वर्षात, एकाच न्यूयॉर्कमध्ये, दोन प्रवाह निघाले. पहिला सगळ्यांना माहीत आहे. गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनी असा कायदा आणला की काही औंस हेरॉइन जवळ सापडलं तर पंधरा वर्षं ते जन्मठेप. दुसरा प्रवाह मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो चांगल्या माणसांकडून आला. मार्विन फ्रँकेल हे न्यूयॉर्कमधले केंद्रीय न्यायाधीश. त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या पुस्तकाचं म्हणणं असं, की शिक्षा देताना न्यायाधीशाला कसलीच शिस्त नाही. सारखाच गुन्हा, सारखीच पार्श्वभूमी, पण एका दालनात माणूस प्रोबेशनवर सुटतो आणि शेजारच्या दालनात पाच वर्षांना जातो. कारण कुणी लिहीत नाही, लिहायला कुणी सांगतही नाही. या लहरीचा सर्वांत जास्त फटका गरिबांना आणि काळ्यांना बसतो, हे सुधारकांना दिसत होतं. तेव्हा एक आयोग नेमावा, त्यानं अनुभव तपासून मार्गदर्शक तत्त्वं आखावीत, आणि न्यायाधीशानं प्रत्येक शिक्षेची कारणं द्यावीत, असा हा विचार. उदारमतवादी सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी तो उचलला आणि १९८४ मध्ये कायदा होऊन शिक्षा आयोग स्थापन झाला.

म्हणजे सुरुवात समानतेच्या मागणीतून झाली होती, सूडातून नव्हे. पण समानता आणि एकसारखेपणा यांत जो फरक आहे, तो आपल्याकडे 'सब घोडे बारा टक्के' म्हणताना आपण ओळखतो. तो फरक अमेरिकेच्या हातून निसटला. आयोगाची तत्त्वं लिहून व्हायची होती, तेवढ्यात १९८६ चा उन्हाळा आला.

१७ जून १९८६ रोजी लेन बायस या बास्केटबॉलपटूची बॉस्टन सेल्टिक्सनं निवड केली. १९ जूनला तो कोकेनच्या अतिसेवनानं मेला. वय २२. संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष टिप ओ'नील बॉस्टनकडचेच. नोव्हेंबरात निवडणूक होती. अंमली पदार्थांवर काहीतरी जबरदस्त करून दाखवा, असा हुकूम सुटला आणि काही आठवड्यांत विधेयक उभं राहिलं. ते लिहिणाऱ्या समितीचे वकील एरिक स्टर्लिंग पुढची अनेक वर्षं त्या घाईबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप करत राहिले. न्यायाधीशांना, तुरुंगाधिकाऱ्यांना, जाणकारांना विचारण्याइतकाही वेळ कुणी घेतला नाही. बायसनं घेतलेलं कोकेन पूड होतं, असं नंतर खटल्यात पुढं आलं. पण तोवर त्याच्या मृत्यूचं खापर क्रॅकवर फुटून गेलं होतं.

क्रॅक आणि पूड या दोन वेगळ्या वस्तू नाहीत. कोकेनची पूड पाण्यात खाण्याच्या सोड्याबरोबर शिजवली की त्याचे खडे होतात. खडे ओढले तर नशा झटक्यात चढते, लवकर उतरते, आणि मुख्य म्हणजे खडा पाच-दहा डॉलरला सुटा मिळतो. पूड महाग, म्हणून ती पार्ट्यांत आणि बंद फ्लॅटमध्ये. खडा स्वस्त, म्हणून तो गरीब वस्तीच्या कोपऱ्यावर. दोन्हींत फरक करायचा तर किती करायचा? सभागृहातल्या विधेयकात एकास पन्नास असं प्रमाण होतं, रीगन सरकारनं एकास वीस सुचवलं होतं. शेवटी आकडा ठरला एकास शंभर. पाच ग्रॅम क्रॅकला किमान पाच वर्षं आणि तेवढ्याच शिक्षेसाठी पूड मात्र पाचशे ग्रॅम. पाच ग्रॅम म्हणजे चहात टाकायची चमचाभर साखर. शंभर हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आला नव्हता. तो लिलावातून आला होता, ज्यात प्रत्येक बोलीदार आपण जास्त कडक आहोत हे दाखवत होता.

मापात पाप करणारा वाणी ओळखता येतो, कारण त्याचं वजनच खोटं असतं. इथं वजन खरं होतं. पाच ग्रॅम म्हणजे पाचच ग्रॅम, आरोपी काळा असो वा गोरा. तरी माप पापी होतं, कारण कुठल्या गिऱ्हाइकाला कुठलं माप लावायचं हे आधीच ठरलेलं होतं. २००६ साली क्रॅकसाठी शिक्षा झालेल्या केंद्रीय आरोपींपैकी सुमारे ८२ टक्के कृष्णवर्णीय होते. क्रॅक ओढून पाहिलेल्यांत मात्र सरकारी पाहण्यांनुसारच बहुसंख्य गोरे होते. पोलीस कोपऱ्यावर उभ्या पोराला पकडतात, फ्लॅटचं दार ठोठावत नाहीत. कायद्यात 'काळा' हा शब्द नव्हता. १९०९ सारखाच, तो लागला नाही.

इथं एक अडचणीची गोष्ट टाळून चालणार नाही. या कायद्याला हार्लेमचे कृष्णवर्णीय खासदार चार्ल्स रँगेल यांच्यासारख्यांचा पाठिंबा होता. त्याआधी रॉकफेलर यांच्या मागंही हार्लेममधले काही पाद्री उभे होते. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण ज्याच्या जिन्यात सुया पडतात आणि ज्याची म्हातारी आई लुटली जाते, तो कडक कायदा मागतोच. स्वतः वॉशिंग्टनमध्ये गरिबांचे वकील राहिलेले जेम्स फोरमन ज्युनियर यांनी २०१७ च्या पुस्तकात याची उकल केली आहे. या वस्त्यांनी पोलीसही मागितले आणि नोकऱ्या, शाळा, घरं, व्यसनमुक्ती केंद्रंही मागितली. यादी लांब होती. सरकारनं तिच्यातली एकच ओळ वाचली.

न्यायाधीशाचा हात बांधल्यावर सवलतीचा अधिकार नाहीसा झाला का? नाही, तो सरकारी वकिलाच्या खोलीत गेला. कुठलं कलम लावायचं, किती वजन आरोपपत्रात लिहायचं, हे तोच ठरवणार. किमान शिक्षेखाली यायची मुख्य वाट होती दुसऱ्याला पकडून देण्याची, आणि आरोपीनं पुरेशी मदत केली हे सांगणारा अर्जही त्यानंच करायचा. १९८८ मध्ये कट करणाऱ्यालाही तीच शिक्षा लागू झाली. म्हणजे मित्राचा निरोप फोनवर घेणाऱ्या बाईच्या डोक्यावरही सगळ्या टोळीच्या मालाचं वजन. टोळीच्या म्होरक्याकडे विकायला दहा नावं असायची, तिच्याकडे एकही नसायचं. तो लवकर सुटायचा आणि ती बसायची. पूर्वीचा न्यायाधीश लहरी असेल, पण तो उघड्या न्यायालयात बसायचा आणि त्याच्या निकालावर टीका करता यायची. सरकारी वकिलानं एखाद्याला का सोडलं आणि दुसऱ्याला का नाही, हे कागदावर कुठंच येत नव्हतं. फ्रँकेल यांना कारणं लिहून हवी होती. त्यांच्या कल्पनेच्या वाटेवरून निघालेला देश जिथं कारण लिहावंच लागत नाही अशा ठिकाणी पोचला.

वजनाचा हट्ट किती टोकाला जातो ते १९९१ मध्ये दिसलं. एलएसडी हा पदार्थ कागदावर टिपून विकतात. एका खटल्यात नशेचा पदार्थ होता सुमारे ५० मिलिग्रॅम, कागदासह ५.७ ग्रॅम. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, कागदाचंही वजन धरा. शिक्षा कागदाला झाली. त्याच वर्षी मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयानं मात्र आपल्या राज्यातला क्रॅक आणि पूड यांच्यातला भेद रद्द केला. तिथं १९८८ मध्ये क्रॅक बाळगल्याचा आरोप असलेल्यांपैकी ९६.६ टक्के काळे होते, तर पूड बाळगणाऱ्यांपैकी ७९.६ टक्के गोरे. केंद्रीय न्यायालयं मात्र हेतू मागत राहिली. भेदभाव करायचाच होता हे सिद्ध करा. घाईत कुणी हेतू लिहून ठेवत नसतो.

१९९५ मध्ये शिक्षा आयोगानं दोन्ही मापं सारखी करायला सांगितलं, संसदेनं ते फेटाळलं. १९८० मध्ये केंद्रीय तुरुंगांत सुमारे २४ हजार माणसं होती, २०१३ मध्ये २ लाख १९ हजार. २०१० मध्ये पाच ग्रॅमचे २८ झाले आणि शंभराचं प्रमाण अठरावर आलं. २०१८ मध्ये जुन्या कैद्यांनाही त्याचा लाभ मिळाला. अठराच का? २८ ग्रॅम म्हणजे साधारण एक औंस आणि पूड पाचशे ग्रॅम, एवढंच त्याचं गणित. लिलावातली बोली तडजोडीत उतरली, इतकंच. दरम्यान वेदनाशामक गोळ्या आणि हेरॉइन यांची लाट गोऱ्या गावांत शिरली आणि व्यसन हा आजार आहे, हे वाक्य राजकारण्यांना अचानक म्हणता येऊ लागलं.

हे वाचताना आपण लांबून हळहळायचं कारण नाही. आपला अंमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा १९८५ चा, अमेरिकेच्या त्या कायद्याहून एक वर्षानं थोरला. दहा वर्षांची किमान शिक्षा त्यातही आहे, २००१ पासून तीही वजनावर ठरते. मिश्रणात शुद्ध माल किती हे न बघता पूर्ण वजन धरा, असं २०२० मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं. पण याच कायद्यात, काही गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्याला फाशी द्यायचीच, अशी सक्ती होती. जून २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती घटनाबाह्य ठरवली आणि 'द्यावीच' हे 'देता येईल' असं वाचायला सांगितलं. एक क्रियापद बदललं आणि माणूस पुन्हा न्यायाधीशासमोर आला. त्याआधी समोर आलं होतं ते फक्त त्याचं प्रकरण.

आता त्या पोराकडे. बागेतल्या विक्रीबद्दल ज्यूरीचं एकमत झालं नाही. पण त्याआधीच्या इतर विक्रींसाठी तो दोषी ठरला, आणि कायद्याप्रमाणे शिक्षा होती दहा वर्षं, पॅरोल नाही. १९९० मध्ये ती सुनावताना न्यायाधीश स्टॅन्ली स्पॉर्किन यांनी आपली नाराजी लपवली नाही. पण त्यांच्या हाती काही उरलं नव्हतं. म्हणून त्यांनी त्या पोराला एक मार्ग सुचवला. शिक्षा कमी करून मिळावी म्हणून त्यानं अर्ज करावा, आणि तो करावा अध्यक्ष बुश यांच्याकडे.