अळीची बाजू, बुलबुलाची बाजू

नागापूरला एमआयडीसीच्या कडेने वाढलेल्या वसाहतींत जागा मोजकीच. तरी दारात कढीपत्ता किंवा लिंबू लावायची हौस कुणी सोडत नाही. याच झाडांच्या कोवळ्या पानांवर फुलपाखराची मादी एकेक अंडं सुटं ठेवून जाते. त्यातून निघालेली अळी काळपट-पांढरी, थेट पाखराच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. डिवचली, तर डोक्यामागून तांबूस-नारिंगी, दोन टोकांचं शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. एवढी तयारी असूनही बुलबुल, शिंपी, सरडा, कोळी, मुंग्या, गांधीलमाशी यांच्या तावडीतून फार थोड्या अळ्या सुटतात.

रोज सकाळी तिला वाढताना पाहणाऱ्याचा जीव तुटतो, हे स्वाभाविक आहे. मग झाडावर जाळी येते, पाखरांना हाकललं जातं, गांधीलमाशीचं पोळं जाळलं जातं. माया खरीच, पण मायेलाही विवेक लागतो.

समजा, एका मादीने शंभर अंडी घातली. सगळ्या अळ्या जगल्या तर दारातलं लिंबू ओकंबोकं होईल आणि पुढच्या पिढीला पानच उरणार नाही. शंभरातून दोन फुलपाखरं उडाली, तरी वंश चालतो. बाकीच्या अळ्या वाया जात नाहीत. बुलबुलाच्या पिल्लांच्या चोचीत पडतो तो घास त्यांचाच.

मित्र कोण आणि शत्रू कोण, हे आपण कसं ठरवतो? आपल्या जिल्ह्यात उसाच्या खोडकिडीसाठी शेतकरी ट्रायकोकार्ड लावतात. त्यातून निघणारा ट्रायकोग्रामा हा जेमतेम दिसेल एवढा कीटक किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालतो आणि अळी जन्मण्याआधीच संपते. फुलपाखराच्या अंड्यांचीही तो हीच गत करतो. उसाच्या फडात त्याला आपण मित्रकीटक म्हणून विकत आणतो. अंगणात तोच वैरी ठरतो. कीटक बदललेला नसतो, आपला लोभ बदललेला असतो.

महाभारतातल्या शिबी राजाने शरण आलेल्या कबुतराला अभय दिलं, पण ससाण्याची भूक नाकारली नाही. स्वतःचं मांस कापून तराजूत घातलं. करुणेची किंमत त्याने पदरची मोजली. आपली जाळी मात्र ती किंमत बुलबुलाच्या पिल्लांकडून वसूल करते.

आपल्याला पदरचं मोजण्याजोगं पुष्कळ आहे. कुरतडलेली पानं सोसावीत. एका लिंबाच्या जोडीला दुसरं लावावं. कुंपणालगतची रुई कचरा म्हणून उपटू नये. तिच्यावर नारिंगी-काळी फुलपाखरं वाढतात. सगळ्यात मोठं म्हणजे कीटकनाशकाचा पंप खाली ठेवावा. बुलबुल भुकेपुरत्या अळ्या टिपतो. फवारा एका दुपारीत सगळ्या मारतो आणि पाखरांचा घासही हिरावतो.

महाराष्ट्राने 2015 मध्ये नीलवंत हे राज्य फुलपाखरू ठरवलं, तेव्हा असा मान देणारं हे देशातलं पहिलं राज्य होतं. नीलवंताच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर पोसतात. पंखांना मान द्यायचा, तर आधी अळीला पान द्यावं लागेल, आणि त्याच झाडावर बुलबुलालाही फांदी मोकळी ठेवावी लागेल.