काट्यावर न दिसणारं वजन

किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय निघतो. उंची पाच फूट तीन इंच, म्हणजे १.६० मीटर असेल तर वर्ग येतो २.५६. वजन ५९ किलो असेल तर बीएमआय साधारण २३. हिशेब एवढा सोपा आहे म्हणूनच तो जगभर चालला.

उंची आणि वजनाचं हे नातं बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अदोल्फ केतले यांनी १८३० च्या दशकात मांडलं. त्यांना समाजातला ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. लठ्ठपणाची चिंता त्यांना नव्हती. पुढे १९७२ मध्ये अँसेल कीज या अमेरिकी शास्त्रज्ञाने या मापाला आजचं नाव दिलं, तेही मोठ्या गटांच्या अभ्यासासाठी. हजारो लोकांचा एकत्र अंदाज घ्यायला ते चांगलंच आहे. पण आपल्या एकट्याचा बीएमआय समोर येतो तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. हे माप वजन किती ते सांगतं, ते वजन कशाचं आहे ते सांगत नाही.

याचा पुरावा पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच दाखला दिला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शेजारी उभे राहिले तर दोघेही शिडशिडीतच म्हणावेत. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची भरली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. एकच आकडा, पण चरबी दुपटीहून जास्त!

हे येतं कुठून? याज्ञिक यांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळं मोजली. त्यांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो होतं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं सुमारे ३.५ किलो. आपली बाळं लहानखुरी, हातापायांनी बारीक. पण खांद्याच्या पात्याखाली चिमटीत धरून मोजलेली चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे स्नायू कमी आणि चरबी राखलेली, ही ठेवण आईच्या पोटातूनच सुरू होते. गरोदर बाईच्या ताटात काय पडतं, हा म्हणूनच पुढच्या पिढीच्या मधुमेहाचाही प्रश्न आहे, असं मला मनापासून वाटतं.

जेवणानंतर रक्तात आलेली बरीचशी साखर स्नायू उचलतात. तेच कमी असले आणि पोटात यकृताभोवती चरबी साठली, तर इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कोष्टकात १८.५ ते २४.९ बीएमआय निरोगी धरला जातो. भारतीय तज्ज्ञांनी मात्र २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरला तो याचमुळे. सुरुवातीच्या उदाहरणातल्या उंचीला या भारतीय निकषाने निरोगी पट्टा साधारण ४७ ते ५९ किलोंचा पडतो.

कबड्डीपटूचा बीएमआय २७ निघाला तरी ते वजन बहुतेक स्नायूंचं असू शकतं. मुलांना आणि गरोदर स्त्रियांना तर हे प्रौढांचं कोष्टक लावूच नये. पण जास्त फसगत होते ती साठीनंतर. “लग्नात होतं तेवढंच वजन आहे माझं,” असं कौतुकाने सांगणारी मंडळी घरोघरी असतात. इतक्या वर्षांत मांड्या-दंड सुकलेले असतात आणि त्यांची जागा पोटाने घेतलेली असते. काटा तोच आकडा दाखवत राहतो. अशांनी नुसतं जेवण तोडून वजन उतरवलं, तर उरलेसुरले स्नायूही जातात. त्यांना डाळ, दूध, अंडी यांतून पुरेशी प्रथिनं आणि झेपेल एवढा ताकदीचा व्यायाम आधी हवा.

म्हणून बीएमआयच्या जोडीला शिंप्याची टेप घ्यावी. पँटचा नंबर धरू नये, कारण पोट सुटलं की पँट त्याच्या खाली सरकते आणि नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उघड्या अंगावर, पोट आत न ओढता, श्वास सहज सोडून झाल्यावर मोजावं. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे घेर गेला असेल, तर बीएमआय २२ असला तरी रक्तातली साखर तपासून घ्यावी.