सगळं हाताचंच ना?

आज गीतेच्या 17व्या अध्यायातला 15वा श्लोक, वाणीचं तप. बोलणं न दुखावणारं, खरं, प्रिय आणि हिताचं असावं.

रविवारी गोधड्यांच्या प्रदर्शनात माझाही स्टॉल होता. जुन्या सुती साड्यांचे थर, वर धावदोरा. ऑफिस सांभाळून एकेकीला दोन-अडीच महिने लागले. एक काकू टाके चाचपत म्हणाल्या, "सगळं हाताचंच ना रे?"

टाके हाताचेच. पण कडेची पट्टी, वेळ कमी पडला म्हणून, मशीनवर मारलेली. नुसतं "हो" म्हटलं की 4,000 रुपये खिशात. आणि ते जवळजवळ खरंच होतं की! (कोडमधला बग आपण असाच 'मायनर' म्हणून ढकलतो.)

पट्टी दाखवली. काकू "बघते हं" म्हणून पुढे गेल्या. खरं बोललो, प्रिय नाही. हिताचं कुणाच्या, देव जाणे. मी संध्याकाळपर्यंत चडफडत होतो. शिवताना फळाची आशा सोडणं सोपं होतं, गिऱ्हाईक समोर असताना नाही.

घरी येऊन पट्टी उसवायला घेतली, मग थांबलो. पट्टीत काय खोट होती? चिठ्ठीवर लिहिलं: टाके हाताचे, पट्टी मशीनची.