एका अक्षराचं बेंझीन

उभा राहा. ती बाटली हातात घे आणि लेबल वाच. मोठ्याने, स्पेलिंगसकट.

बी-ई-एन-झेड-आय-एन-ई. अक्षर मोत्यासारखं काढलंयस, शाबास! आता आत काय ओतलंस ते सांग. सी-सिक्स-एच-सिक्स. मग मधे 'आय' कुठून आला?

"सर, उच्चार तर एकच आहे." अरे, उच्चार एकच आहे म्हणूनच स्पेलिंग जपायचं असतं!

नीट ऐक. 'ई'वालं बेंझीन म्हणजे एकच संयुग. १८२५ साली फॅरडेने ते दिव्याच्या गॅसच्या तेलकट गाळातून वेगळं काढलं. ८० अंशांना उकळतं, साडेपाच अंशांना गोठतं. 'आय'वालं म्हणजे पेट्रोलियमचा एक हलका भाग. पेंटेन, हेक्झेन, हेप्टेन यांची खिचडी. त्याला एक असा उत्कलनांकच नाही. कपड्यांवरचे तेलकट डाग काढायला ते वापरतात.

नावाचा घोळ जुना आहे, कबूल. तुझी आजी धुपाटण्यात ऊद टाकते ना? त्या उदातून बेंझॉइक आम्ल मिळतं. मित्शरलिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३३ साली ते चुन्याबरोबर तापवून हाच द्रव मिळवला आणि त्याला 'बेंझिन' म्हटलं. जर्मनीत ते नाव पुढे पेट्रोलला चिकटलं आणि मूळ मालक 'बेंझोल' झाला. पण जर्मनांचा घोळ ही तुझी सबब नव्हे.

उद्या शिपाईमामा तुझं लेबल वाचून बाहीवरचा डाग या द्रवाने पुसतील. डाग जाईल, पण वाफ छातीत जाईल आणि थोडा द्रव कातडीतूनही मुरेल. असं रोज होत राहिलं तर ते हाडांतल्या मज्जेला बाधतं, रक्ताचा कर्करोगही होतो. 'ध'चा 'मा' करायला आनंदीबाई लागली म्हणतात. इथे तुझं बॉलपेन पुरलं.

ते लेबल खरवडून काढ. नवं लिही आणि नावाखाली सूत्र लिही. पुन्हा कधी शंका आली तर हीच कसोटी लाव: सूत्र लिहायला घे. याचं चार अक्षरांत येतं. त्या दुसऱ्याचं जन्मात येणार नाही, कारण खिचडीला सूत्र नसतं.

आणि आधी ते बूच लाव! केव्हाचं उघडं ठेवलंयस?